सुट्टी मिळाली, आता खेळायचं काय?

फावला वेळ आधी मिळवावा लागतो आणि मिळाला की तो मजेत घालवायची युक्तीही शोधावी लागते. एकच खेळ सगळ्यांना पुरत नाही, हे तर फार पूर्वीच सिद्ध झालंय. हे घ्या पुरावे!

रविवार आयता मिळाला नाही
मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे १८८४पासून तिच्यासाठी झगडले. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी पुढे केला. अखेर १० जून १८९०ला गिरणीमालकांनी मान तुकवली.

पावसाने दिलं स्नूकर
१८७५, जबलपूर. बाहेर धो धो पाऊस आणि छावणीत टेबलावरचे तेच ते खेळ खेळून वैतागलेले ब्रिटिश अधिकारी. त्यांच्यातल्या नेव्हिल चेंबरलेनने लाल चेंडूंच्या खेळात रंगीत चेंडू मिसळले आणि स्नूकर जन्मलं. (हे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन नव्हेत. ते तेव्हा सहा वर्षांचे होते!)

थंडीने दिलं बास्केटबॉल
डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. थंडीमुळे मैदान बंद आणि कवायतीला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांचा जिममध्ये नुसता धिंगाणा. त्यांना गुंतवणारा खेळ शोधायला शिक्षक जेम्स नेस्मिथ यांना चौदा दिवस मिळाले. त्यांनी शिपायाकडे खोकी मागितली, तर तो पीच फळांच्या टोपल्या घेऊन आला! त्या ठोकल्या जिमच्या गॅलरीच्या कठड्याला. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवरच असते. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे गोल झाला की चेंडू काढायला कुणीतरी वर चढायचं. पहिल्याच सामन्यात फार चढउतार झाली नाही म्हणा; स्कोअर होता १-०!

काकालोकांसाठी व्हॉलीबॉल
जवळच्याच होल्योक गावात जिमला येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की झेपेना. १८९५मध्ये विल्यम मॉर्गन यांनी मधोमध जाळीच बांधली. तुम्ही तिकडे, आम्ही इकडे; अंगाला अंग लागायलाच नको!

भंगारातली मज्जा
डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात आलं, की आपण आखलेल्या देखण्या बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या राड्यात जास्त रमतात. मग १९४३मध्ये कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात फळ्या, विटा आणि टाकाऊ सामान भरलेलं मैदान उघडलं. काय बांधायचं आणि काय मोडायचं, ते मुलांनीच ठरवायचं.

पगारातून नाटक
जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या स्लिपवर कामगार कल्याण निधीची किरकोळ कपात दिसते ना? हा निधी १९५३च्या कायद्यातून आला. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांत वाचनालय आहे, शिवणवर्ग आहे, शिशुमंदिर आहे. भजनस्पर्धाही होतात आणि नाट्यस्पर्धाही. कुणाला टाळ, कुणाला तालीम!

तेव्हा यंदा गणपतीत सोसायटीच्या कमिटीने पुन्हा लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीवरच भागवलं, तर मीटिंगमध्ये हात वर करा. आजोबांना कॅरम, काकूंना अंताक्षरी आणि पोरांना थोडं भंगार, एवढं मागायला काहीच हरकत नाही.