पवनेचं पाणी आधी कुणाचं?

"आज पाणी आहे का?" पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये सकाळ याच प्रश्नाने उजाडते. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड येतं. आलं की तळटाकीचा वॉल्व्ह उघडायचा, पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. कमी पडलं तर टँकर. पवना नदी इथून हाकेच्या अंतरावर वाहते, पण शहराचं पाणी वर रावेतच्या बंधाऱ्यावरच उचललेलं असतं.

महाराष्ट्राची पहिली जलनीती 2003 सालची. नदीचं खोरं हेच नियोजनाचं एकक धरायचं, हा तिचा गाभा. पाणीवाटपासाठी 2005 च्या कायद्याने नियामक प्राधिकरणही आलं. जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता; 2011 मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या जागी आली.

त्याच वर्षी मावळ पेटला. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी वाहत रावेतला येतं. त्याऐवजी धरणापासून निगडीपर्यंत सुमारे 35 किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं. महापालिकेला गळती आणि प्रदूषण टाळायचं होतं. नदीकाठी मोटारी बसवलेल्या शेतकऱ्यांना मात्र पात्र कोरडं पडण्याची धास्ती होती. 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तिघांचा जीव गेला. काम थांबलं. 2023 मध्ये सरकारने कामावरची स्थगिती उठवली, तरी मावळचा विरोध मावळला नाही. कागदावर क्रम बदलला म्हणून काठावरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. त्याला आधी विचारावं लागतं.

शहराची तहान भागवायला आंद्रा आणि भामा-आसखेड धरणांतून रोज 26.7 कोटी लिटर पाणी मंजूर झालं. भामा-आसखेड चाकणच्याच पलीकडे, आणि तिथेही धरणग्रस्तांचे प्रश्न उभे राहिले. नवं धरण शोधत किती लांब जाणार?

सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं, हेही राज्याचं जाहीर धोरण आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत, बांधकामांवर, बागांना ते चालतं. तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी उरतं. शिवाय पवना दापोडीला मुळेला मिळते आणि तेच पाणी पुढे भीमेतून उजनीत पोचतं. सोलापूर उजनीचं पाणी पितं, म्हणून इथलं सांडपाणी शुद्ध होणं त्याच्याही हिताचं.

सोसायटीच्या पुढच्या सभेत टँकरच्या बिलाबरोबर एवढंही विचारा: आपल्या सांडपाणी प्रकल्पातलं पाणी जातं कुठे?