घर भरलेलं, तरी एकटेपणा: मोजायचं नेमकं काय?

आज माझ्याच पायलट स्टडीतली एक चूक सांगते.

डिमेन्शिया असलेल्या सासूबाईंना सांभाळणाऱ्या एका ताईंची मुलाखत घेत होते. सासूबाई शेजारीच बसलेल्या. मी विचारलं, "तुम्हाला एकटं वाटतं का?" ताई हसल्या. "घरात सात माणसं, एकटं कसं वाटेल?" मी 'नाही'वर खूण केली. निघताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "दिवसभर मीच बोलते, माझ्याशी बोलणारं कुणी नाही बघा."

मग माझं चुकलं कुठे?

रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार मांडले. सामाजिक, म्हणजे ओळखीपाळखी, येणं-जाणं कमी असणं. आणि भावनिक, म्हणजे मनातलं बोलता येईल असं जवळचं माणूस नसणं. घरातली डोकी मोजून दुसरा प्रकार कळत नाही. डिमेन्शियात तर दोन्ही एकदम येतात. रुग्णाला सोडून बाहेर पडता येत नाही, आणि ज्या माणसाशी बोलायचो ते समोर असूनही हरवत जातं. पॉलिन बॉस याला 'संदिग्ध हानी' म्हणतात. माणूस देहानं हजर, मनानं दूर. कुणी गेलेलं नसतं, त्यामुळे सांत्वनालाही कुणी येत नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यांना सांभाळतं मुख्यतः घरच. म्हणजे चुकीच्या 'नाही'मागे किती जणी दडत असतील, विचार करा.

तुमच्या अभ्यासासाठी तीन गोष्टी:

१. ताण आणि एकाकीपणा एक नव्हे. झारिटची प्रश्नावली काळजीचा भार मोजते, एकाकीपणा नाही. डी याँग गिरवेल्ड यांच्या ११ प्रश्नांच्या स्केलमध्ये सामाजिक आणि भावनिक एकाकीपणाचे गुण वेगळे काढता येतात.

२. भाषांतर जपून करा. मराठीत 'एकटं' म्हटलं की आधी 'सोबत कुणी नाही' हाच अर्थ डोक्यात येतो. यूसीएलए स्केलच्या तीन प्रश्नांच्या आवृत्तीत (२००४) तर 'एकाकी' हा शब्दच नाही. सोबतीची उणीव, वगळल्यासारखं वाटणं, तुटल्यासारखं वाटणं, असं विचारलंय.

३. मुलाखत एकांतात घ्या. सासूबाईंसमोर कोणती सून खरं बोलेल?

ती नोंद मी बदलली नाही. बदलली ती प्रश्नावली आणि बसायची जागा. पायलट त्यासाठीच तर असतो!