पाण्यात डीएनए सापडला म्हणजे मासा सापडला का?

उल्हास नदीवरच्या बदलापूरच्या बंधाऱ्यावरून लिटरभर पाणी घ्यायचं, अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून ते सोडायचं आणि गाळणीवर अडकलेला डीएनए वाचायचा. मासे अंगावरचा चिकट स्राव, विष्ठा, खवले सतत पाण्यात सोडतात, म्हणून जाळं न टाकताही जात ओळखता येते. २००८मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकी बुलफ्रॉग हा बेडूक असाच हुडकला गेला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने पूर्व घाटातल्या जलाशयांत परदेशी सकर माशाचा फैलाव याच रीतीने तपासला.

पण डीएनए मिळाला म्हणजे तिथे जिवंत मासा आहेच, हा मोठा गैरसमज आहे. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीत नाल्यांचं पाणी येतं. त्यात मासळी बाजाराचं धुवण असेल, तर कापलेल्या थाई मांगूरचा डीएनएही नमुन्यात उतरतो. या माशाच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. प्रवाह डीएनए कित्येक किलोमीटर खाली नेतो. उन्हात, कोमट पाण्यात तो काही दिवसांत विरतो, तळाच्या गाळात मात्र जास्त टिकतो. म्हणून नाल्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, दोन्हीकडचे नमुने हवेत, तेही पुन्हा पुन्हा.

उलट, डीएनए नाही म्हणजे मासा नाही, असंही नाही. कारखान्यांचं सांडपाणी पीसीआर चाचणीत, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्यात, अडथळा आणू शकतं, आणि पावसाळ्यातल्या लोंढ्यात खुणा विरळ होतात. मासे किती, हेही यातून नेमकं कळत नाही.

हातमोज्याला लागलेला डीएनएचा कणसुद्धा निकाल बिघडवतो. म्हणून नदीवर शुद्ध पाण्याची एक बाटलीही तशीच गाळतात. तिच्यात मासा ‘सापडला’, तर त्या दिवसाचे नमुने संशयित ठरतात. माझ्या मते, या बाटलीचा निकाल न सांगणाऱ्या अहवालावर विसंबू नये.

जात नक्की कळली, तरी बाहेरचा प्रत्येक मासा आक्रमक, हेही खरं नव्हे. रोहू-कटला मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडे बीज सोडून वाढवलेले. १९५२मध्ये भारतात आणलेल्या चिलापीची (तिलापियाची) गोष्ट वेगळी: ती झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांची जागा बळकावते.

शिवाय नमुना ज्या डीएनए-सूचीशी ताडून पाहतात, तिच्यात ज्या माशाचा डीएनए नाही, त्याचं नाव यंत्र सांगू शकत नाही. इथल्या माशांची ती सूची भरायची, तर उल्हासच्या काठचे कोळी आणि कातकरी सोबत हवेतच. मासा धरून, जात ओळखून, त्याच्या पराचा तुकडा त्यांच्याच मदतीने प्रयोगशाळेत पोचतो.