मेणाचे ठसे आणि घरगुती बाटिक

कापडाच्या ज्या भागावर मेण मुरते त्या भागात रंग शिरत नाही, या साध्या तत्त्वावर बाटिकची सारी कला उभी आहे. जावा बेटात ती पूर्वापार चालत आली असून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तांब्याच्या पट्ट्यांचे ठसे प्रचारात आले आणि कामाचा वेग वाढला. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकुर जावास जाऊन आल्यानंतर शांतिनिकेतनातील कलाशिक्षणातही बाटिकला स्थान मिळाले.

पेडणे तालुक्यातील महिलांना हा जोडधंदा सोयीचा आहे. हरमल, मांद्रे, मोरजी येथे पर्यटकांची वर्दळ असते आणि घरोघरी चवथीच्या मखरामागील पडद्यापासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत नक्षीदार कापड लागतेच. मात्र पहिल्याच धुण्यात रंग सुटला तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. म्हणून नक्षीपेक्षा कृतीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

कापड सुती घ्यावे व खळ जाईपर्यंत साबणाच्या पाण्यात उकळावे. ते पूर्ण वाळल्याखेरीज मेण लावू नये. पावसाळ्यातील दमट हवेत ही अडचण विशेष जाणवते. पॅराफिन मेण ठिसूळ असल्याने त्याला भेगा पडतात व त्यांतून रंगाच्या बारीक रेषा उमटतात. मधमाश्यांचे मेण लवचीक असते. दोन्हींचे मिश्रण वापरावे. भेगा हव्या असतील त्या प्रमाणात पॅराफिन वाढवावे.

ठशासाठी बटाटा किंवा भेंडी कापून घेण्याची शाळांतील पद्धत येथे उपयोगी नाही. ती ओली असल्याने मेण नीट धरत नाहीत. त्यांचा उपयोग थेट रंगछपाईपुरता. मेणाला धातूचा ठसाच उत्तम, कारण तो उष्णता धरून ठेवतो. जुन्या पितळी वाटीचा काठ किंवा मुठीत बसवलेली वाकवलेली पत्र्याची पट्टी यांनीही आरंभ करता येतो. कुंचल्याला सराव लागतो. नवशिक्याने ठशापासूनच सुरुवात करावी.

मेण तापले की नाही, हे कापडच सांगते. ठसा उमटताच कापड पारदर्शक दिसून मेण मागील बाजूस उतरले, तर ताप योग्य. पांढरट थर वरच राहिला तर मेण थंड आहे आणि रंग त्याखाली शिरणार. धूर दिसू लागल्यास मेण त्वरित उतरवावे. मेणाचे भांडे कधीही थेट चुलीवर ठेवू नये. पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून तापवावे. मेणाने पेट घेतल्यास पाणी मुळीच ओतू नये, आग भडकते. विस्तव विझवून भांड्यावर झाकण घालावे. मुलांना या कामापासून दूर ठेवणे इष्ट.

रंग मात्र थंडच हवा, नाहीतर मेण वितळते. सुती कापडास थंड पाण्यात चढणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मीठ व धुण्याच्या सोड्यासह वापरावेत आणि हातमोजे घालावेत. स्वस्त, बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. घातक अशा अनेक अ‍ॅझो रंगांच्या वापरास भारतात १९९७ पासून बंदी आहे. प्रथम फिका रंग, मग पुन्हा मेण, नंतर गडद रंग, असा क्रम ठेवावा.

शेवटी कापड साबणाच्या उकळत्या पाण्यात घालावे. वर तरंगणारे मेण पाणी निवल्यावर वडीसारखे निघते व पुन्हा वापरता येते. हे पाणी गरम असताना मोरीत ओतू नये. मेण थिजून नळी तुंबते.