कूलर नेमका किती वारा फेकतो?

एप्रिल लागला की पांढरकवड्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. जुनं वुडवूल काढून नवं भरायचं, टाकी घासायची, पंप लावून बघायचा. शेवटी पंखा सुरू झाला की घरातलं कोणीतरी जाळीपुढे हात धरून निकाल देतं, "हवा तर मस्त फेकून राहिला!"

हाताला कळतो तो फक्त वेग. खोली थंड होते ती दर सेकंदाला किती हवा आत आली त्यावर, आणि ते हाताला कळत नाही.

कूलरमधला पंखा म्हणजे एक्झॉस्टच. स्वयंपाकघरात तो आतली हवा बाहेर टाकतो, इथे पेटीतली हवा ओढून खोलीत टाकतो. समजा, अठरा इंची पंख्याच्या कागदावर ताशी 4500 घनमीटर असा आकडा आहे. म्हणजे सेकंदाला 1.25 घनमीटर. पात्यांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 0.16 चौरस मीटर. भागाकार केला की वेग निघतो सेकंदाला जवळपास 8 मीटर, ताशी 28 किलोमीटर. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडवणारा वारा एवढाच असतो. मधली जागा मोटारीने अडवलेली असते, त्यामुळे पात्यांच्या कडेने तो याहून थोडा जोरातच येतो.

आता कूलरच्या मागे जा. तीन बाजूंच्या ताट्या मिळून 2 चौरस मीटर धरल्या, तर तीच हवा तिथून सेकंदाला जेमतेम 60 सेंटिमीटरने आत शिरते. ही संथ चाल फार कामाची. ओल्या वुडवूलमधून जाताना हवेला पाणी टिपायला वेळ मिळतो. वेग फार वाढला तर थेंबच उडून अंथरुणावर येतील.

ओढलेली हवा चहूबाजूंनी येते, फेकलेली एका दिशेने जाते. म्हणून मेणबत्ती फुंकून विझते, पण श्वास आत ओढून विझवून दाखवा! ओढणाऱ्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं दूर गेलं की वेग साधारण दहावा हिस्सा उरतो. फेकलेल्या झोताचा वेग एवढा उतरायला, मोकळ्या जागेत, सुमारे 30 व्यास अंतर लागतं.

कागदावरचा आकडा मात्र पंख्यापुढे काहीच अडसर नसतानाचा असतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचे क्षार ताट्यांवर बसतात, वुडवूल दाबून भरलेलं असतं आणि खोलीची दारं-खिडक्या "गार हवा बाहेर जाते" म्हणून बंद असतात. बंद खोलीत हवेला जायला वाटच नाही; पंखा फिरतो, पण हवा कमी ढकलतो आणि दमटपणा साचतो तो वेगळाच.

खरा आकडा घरीच काढता येतो. बाहेर वारा पडलेला असताना खिडक्या लावून घ्या आणि एकच दार पूर्ण उघडा. कूलरने आत आणलेली हवा आता त्या दारातूनच जाणार. दारात उदबत्ती धरा, मोबाइलवर स्लो मोशन लावा आणि धुराला एक मीटर जायला किती वेळ लागतो ते बघा. वर, खाली, मधे, कडेला असं आठ-दहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. एका जागेचा आकडा हमखास फसवतो. समजा 2 सेकंद लागले. दार 90 सेंटिमीटर रुंद, 2 मीटर उंच असेल तर 0.5 गुणिले 1.8, म्हणजे सेकंदाला 0.9 घनमीटर. ताशी 3240. कागदावरच्या 4500 पैकी सव्वा हजाराहून जास्त हवा ताट्यांनी आणि फटींनी खाल्ली. पंख्याच्या तोंडाशी वेगही सेकंदाला साडेपाच-पावणेसहा मीटरवर आला.

आकडा फारच कमी आला तर नवा पंखा घेण्याआधी ताट्या बदलून पुन्हा मोजा. उदबत्ती मात्र दाराशीच ठेवा. कोरड्या वुडवूलला एक ठिणगी पुरते. आणि ताट्या काढण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून कूलरला हात लावू नका.