महाडच्या पावसात पायात काय घालावं?

महाड-पोलादपूरच्या पावसात पाणी बुटात शिरतंच, बहुतेक वेळा वरून. म्हणून आपण पादत्राण घेताना ‘पाणी आत येईल का’ यापेक्षा ‘आलेलं पाणी बाहेर कसं जाईल’ हे आधी पाहावं.

पहिल्यांदा आपली रोजची वाट आठवा. बाजारपेठ, एसटी, ऑफिस एवढंच असेल तर मागे पट्टा असलेली पावसाळी सँडल पुरते. हवाई चपलेला मागे पट्टा नसतो. चिखलात ती रुतते, पाय पुढे निघतो आणि माणूस तोल जाऊन पडतो. शिवाय पाठीपर्यंत चिखल उडतो तो वेगळाच.

मग तळवा पाहा. चप्पल उलटी करा, अंगठ्याने दाबा. पीव्हीसी, म्हणजे टणक प्लास्टिक, ओल्या फरशीवर घसरतं. मऊ रबर धरून ठेवतं. खाचा खोल आणि मोकळ्या हव्यात, बारीक नक्षीत चिखल भरला की तळवा गुळगुळीत होतो. रायगडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर मात्र चांगलं रबरही पूर्ण भरवशाचं नाही. तिथे उतरताना पाय आडवा टाकावा.

माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटांपुढे अर्धा बोटभर जागा राहू द्यावी.

आता गमबूट. लावणीच्या चिखलात ते रुततात, पण बांधावर, गोठ्यात, उंच गवतात जरूर घालावेत, कारण फुरसं हा विषारी साप पायाशीच चावतो. एक चूक जिवावर बेतू शकते: गमबूट घालून ओढ्यात किंवा पुराच्या पाण्यात उतरणं. वरून पाणी भरलं की बूट जड होतो, पाय उचलत नाही.

22 जुलै 2021 ला सावित्री नदीचं पाणी महाड शहरात शिरलं. असा पूर ओसरला की घराघरांत चिखल उपसण्याचं काम निघतं. तेव्हा मात्र गमबूटच हवेत. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात मिसळणाऱ्या जंतूंचा ताप, पायाच्या लहानशा चिरेतूनही होतो. पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं, आणि नंतर ताप आला तर ‘चिखलात काम केलं होतं’ हे डॉक्टरांना आठवणीने सांगावं.

आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाणार असाल तर वर गारठा असतो. सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो. लोकरी किंवा सिंथेटिक मोजे घ्यावेत, एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. चिखल्या तिथूनच सुरू होतात. मधुमेह असेल तर रोज तळपाय पाहावा, कारण टोचलेलं कळत नाही. बूट चुलीजवळ ठेवू नयेत, चिकटवलेला तळवा सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ओले झाले की बदलावेत. दोन जोड आलटून पालटून वापरले तर चांगलंच. चामडी बूट गणपती होईपर्यंत माळ्यावर राहू द्यावेत.

सकाळी बूट घालण्याआधी उलटा करून जमिनीवर आपटावा. विंचवाला अशी अंधारी, कोरडी जागा आवडते. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरातल्याच रुग्णांवर उपचार करताना दाखवून दिलं. डंख झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं आहेत.