रॉकेट उडवणारं पिस्तूल: विकत घ्यावं की नुसतं बघावं?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच.)

आजचा विषय मला एका व्हॉईस मेसेजमुळे सुचला. डॅलसचा एक श्रोता आहे, माझ्यासारखाच इथे टेक्सासमध्ये नोकरी करणारा. त्याला जुन्या बंदुका जमवायचा नाद आहे. तो म्हणतो, “दादा, एक जायरोजेट मिळतंय, अडीच हजार डॉलरला. पुढच्या वर्षी आई-बाबांना इकडे आणायचं म्हणून पैसे बाजूला ठेवलेत, त्यातून घ्यायचा विचार आहे. बायको म्हणते, वेड लागलंय का? तू सांग, घेऊ का?”

त्याला दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं. पण हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय, आणि त्यात थोडे पैसेही घालवलेत. म्हणून जरा सविस्तर बोलू.

हे जायरोजेट काय प्रकरण आहे?

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉबर्ट मेनहार्ट आणि आर्थर बील या दोघांनी एमबी असोसिएट्स नावाची कंपनी काढली. त्यांच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना होती: पिस्तुलातून गोळीऐवजी छोटं रॉकेट उडवायचं. खरंखुरं रॉकेट, पोटात जळणारं इंधन आणि बुडाला धूर सोडणारी भोकं असलेलं, १३ मिलिमीटर जाडीचं. अंतराळस्पर्धेचा काळ होता. रॉकेट म्हणजे भविष्य, असं सगळ्यांनाच वाटायचं. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या बॉण्डपटातही ही रॉकेट-शस्त्रं दिसतात.

आता फरक समजून घ्या. नेहमीच्या पिस्तुलात काडतुसातली दारू एका क्षणात पेटते, वायूचा प्रचंड दाब तयार होतो आणि गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. गोळीला जो काही वेग मिळायचा तो नळीतच मिळतो. बाहेर पडल्यावर तो कमीच होत जातो. एवढा दाब सोसायचा म्हणून नळी जाड पोलादाची लागते, आणि हाताला झटका बसतो.

जायरोजेटमध्ये नेमकं उलटं. दिवाळीतलं रॉकेट आठवा. बाटलीत ठेवलं, वात पेटवली, की आधी नुसतं फुसफुसतं, मग हळूच बाटली सोडतं आणि वर गेल्यावर सुसाट सुटतं. बाटलीवर काही जोर येतो का? नाही. म्हणून तर ती काचेची असली तरी चालते. जायरोजेटची नळी म्हणजे ती बाटली. दाब जवळजवळ नाहीच, म्हणून पिस्तूल हलक्या मिश्रधातूचं, बाजूला धूर जायला भोकं ठेवलेलं. झटका नाममात्र. आवाजही नेहमीच्या पिस्तुलासारखा कानठळ्या बसवणारा नाही, फुस्सऽऽ असा.

रॉकेटच्या बुडाची भोकं तिरकी असतात. त्यातून वायू बाहेर पडला की रॉकेट स्वतःभोवती भोवऱ्यासारखं गरगरतं आणि त्यामुळे हवेत स्थिर राहतं. ‘जायरो’ हे नाव त्यावरूनच.

चाप ओढल्यावर जे होतं ते तर मला सगळ्यात जास्त आवडतं. साध्या पिस्तुलात घोडा मागून आपटतो. इथे घोडा पुढे असतो. तो रॉकेटच्या नाकावर टपली मारतो, रॉकेट मागे सरकतं, मागच्या पक्क्या टोचणीवर त्याची टिकली फुटते आणि इंधन पेटतं. मग रॉकेट पुढे निघताना तोच घोडा खाली दाबत जातं, म्हणजे पुढच्या बारासाठी तो आपोआप तयार! पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. इतकी साधी, इतकी हुशार युक्ती.

मग ते चाललं का नाही?

इथे दिवाळीचं रॉकेट पुन्हा कामी येतं. बाटली सोडताना त्याचा वेग किती असतो? फारच कमी. जायरोजेटचंही तेच. नळीतून बाहेर येताना ते हळू असतं, आणि साधारण १८ मीटर गेल्यावर इंधन संपतं तेव्हा त्याला पूर्ण वेग मिळतो, सेकंदाला सुमारे ३८० मीटर. म्हणजे आवाजापेक्षा किंचित जास्त. कागदावर हे छानच आहे. पण पिस्तूल हे जवळच्या अंतराचं हत्यार. जिथे त्याची गरज सगळ्यात जास्त, तिथेच हे सगळ्यात दुबळं.

दुसरी अडचण नेमाची. चारातलं एखादं भोक जरा जरी बुजलेलं असलं तरी एका बाजूला जोर कमी पडतो आणि रॉकेट नागमोडी जातं. हजारो रॉकेटं अगदी सारखी बनवणं सोपं नव्हतं, स्वस्त तर नव्हतंच. कधी टिकली पेटायचीच नाही. वरून एकेक करून सहा रॉकेटं खाली ढकलत भरायची, म्हणजे पुन्हा भरायला वेळ.

शेवटी कायदा आला. १९६८ च्या अमेरिकन बंदूक कायद्याने अर्ध्या इंचापेक्षा रुंद नळीची शस्त्रं वेगळ्या, जास्त कडक वर्गात टाकली. १३ मिलिमीटर म्हणजे अर्ध्या इंचाच्या जेमतेम वर. कंपनीने मग १२ मिलिमीटरची आवृत्ती काढली, पण तोवर हवा निघून गेली होती. एकूण पिस्तुलं बनली ती सुमारे हजारभर.

आणि गंमत बघा, हेच तंत्र दुसरीकडे यशस्वी झालं. विमान पडल्यावर जंगलात अडकलेल्या वैमानिकाने आपली जागा कळवायची तर प्रकाशाचा गोळा दाट झाडीच्या वर पाठवावा लागतो. त्यासाठी जायरोजेटचे छोटे संकेत-बाण अमेरिकन वैमानिकांच्या किटमध्ये दिले गेले. तिथे अचूक नेम लागत नाही, फक्त फांद्यांतून वर घुसण्याची ताकद लागते. कल्पना वाईट नव्हती, तिला चुकीच्या नोकरीला लावलं होतं.

आता पैशाचं बोलू

‘दुर्मिळ आहे म्हणजे भाव वाढणारच’ असं खूप जण धरून चालतात. जरा थांबा. भाव वाढायला वस्तू कमी असून भागत नाही, ती हवी असणारी माणसंही भरपूर लागतात. जायरोजेट हवं असणारे लोक आहेत, पण मोजके. उद्या नोकरी गेली आणि आठवड्याभरात विकायची वेळ आली, तर योग्य गिऱ्हाईक समोर उभं असेलच असं नाही. लिलावात विकलं तर लिलाववाले आपला वाटा कापून घेणार. म्हणून हे पैसे ‘गुंतवले’ असं बायकोला सांगू नका. ते खर्च केलेत.

दुसरी गोष्ट, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्लीय. जायरोजेटचं एकेक जिवंत रॉकेट आज शंभर डॉलरच्या वर जातं. म्हणजे एकदा चाप ओढला की शंभराची नोट जाळली. आणि ती नोट पुन्हा छापून मिळत नाही, कारण ही रॉकेटं आता कोणी बनवत नाही. प्रत्येक बारागणिक तुमचा संग्रह कमी होतो.

तीन वर्षांपूर्वी एका शस्त्र-प्रदर्शनात मी एका टेबलावरून दोन ‘जिवंत’ रॉकेटं घेतली. पिस्तूल परवडत नव्हतं, म्हटलं निदान कपाटात ठेवायला रॉकेटं तरी. घरी आणून भिंगाखाली बघितलं तर बुडाला टिकलीच नाही! नुसते नमुने होते, दाखवायला बनवलेले. विकणाऱ्याला मी विचारलंच नव्हतं, कारण मला ते जिवंत असावेत असं वाटत होतं. दीडशे डॉलर गेले. पण धडा मिळाला: आधी बूड बघा, मग पाकीट काढा.

पिस्तूल बघतानाही तसंच. स्क्रूंची डोकी ओरबाडलेली आहेत का? मग कोणीतरी आत हात घातलाय. वरचा रंग फारच नवा दिसतो का? पुन्हा चढवलेला असेल, आणि संग्राहकाला मूळ, झिजलेला रंग जास्त प्यारा. मूळ पेटी, कागद, आधीच्या मालकाच्या पावत्या असतील तर किंमत वाढते. नसतील तर घासाघीस करा.

आणि एक सूचना गंभीरपणे. पन्नासहून जास्त वर्षांचं इंधन हातात धरून पेटवायचं म्हणजे जुगार आहे. ते फुसकं निघेल किंवा तडकेल. मी तरी ते पेटवणार नाही.

नवलाईचे दोन प्रकार

इथे मला एक तुलना करावीशी वाटते. इटलीच्या आर्सेनल फायरआर्म्स या कंपनीने ‘एएफ २०११’ नावाचं पिस्तूल काढलं. १९११ सालच्या प्रसिद्ध कोल्ट पिस्तुलाला शंभर वर्षं झाली म्हणून. दोन पिस्तुलं शेजारी-शेजारी चिकटवल्यासारखं दिसतं. एक चाप ओढला की दोन नळ्यांतून दोन गोळ्या. ‘स्पेक्टर’ या बॉण्डपटातल्या खलनायकाच्या हातात तुम्ही ते पाहिलं असेल. महागडं आहे, देखणं आहे, आणि मित्रांना दाखवलं की ते ‘वा!’ म्हणतात.

पण त्यानंतर काय? पुढच्या भेटीत तो ‘वा’ अर्धा होतो. कारण ते पिस्तूल कुठल्याच प्रश्नाचं उत्तर शोधत नाही. ते ‘बघा मी केवढं आहे’ एवढंच म्हणतं.

जायरोजेट तसं नाही. ते एका खऱ्या प्रश्नामागे धावलं: झटका न देता, जड नळी न लावता, गोळी लांबवर पाठवता येईल का? ते हरलं, पण का हरलं हे त्याच्या प्रत्येक भागात दिसतं. पुढे बसवलेला घोडा, नळीची भोकं, तिरके झोत. एक वस्तू हातात घेऊन तुम्ही तासभर समजावून सांगू शकता. माझ्या मते संग्रहासाठी महागडी नवलाई घ्यायची तर तिला हाच निकष लावावा: दाखवल्यावर सांगण्यासारखं किती उरतं?

आणि दुसरा निकष आणखी साधा. समजा ती कधीच उडवता येणार नाही, कधीच विकता येणार नाही, फोटोही टाकता येणार नाही. तरीही हवी आहे का? उत्तर ‘हो’ आलं आणि घर चालवायचे पैसे शाबूत असतील, तर खुशाल घ्या.

भारतातल्या श्रोत्यांसाठी

पुणे, नागपूर, कोल्हापूरहून ऐकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. अशात हौसेची रॉकेट-बंदूक कुठे बसणार? पण शस्त्रातली कारागिरी बघायची आवड असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथली शस्त्रं नीट बघितलीत तर एक दुपार पुरणार नाही. खर्च फक्त तिकिटाचा.

तर डॅलसच्या मित्रा…

तू विचारलंस, घेऊ का? वस्तू घेण्याजोगी आहे. तुला तिचं वेड आहे, आणि ते वेड चांगल्या जागी लागलंय. पण पैसे चुकीच्या डब्यातले आहेत. ते आई-बाबांचे आहेत. तू स्वतःच त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेस.

आधी तिकिटं काढ. त्यांना आण, महिनाभर ठेव, आईच्या हातची आमटी खा. बाबांना घेऊन एखाद्या प्रदर्शनात जा, काचेआडचं जायरोजेट दाखव आणि दिवाळीतल्या बाटलीची गोष्ट सांगून ते कसं उडतं ते समजाव. मग नवीन डबा उघड, त्यावर ‘जायरोजेट’ लिही आणि दर महिन्याला थोडे थोडे टाक. ते पिस्तूल साठेक वर्षं गिऱ्हाईकाची वाट बघतंय, अजून दोन वर्षं सहज बघेल. आई-बाबांच्या गुडघ्यांचं तसं नाही. आणि हो, बायकोला सांग, ती बरोबर होती. पुढच्या वेळी परवानगी सोपी जाईल.

चला मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात अशी कुठली महागडी, बिनकामाची पण जीव की प्राण वस्तू असेल तर तिची गोष्ट व्हॉईस मेसेजने पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवतो. तोवर, काळजी घ्या!